'दोनशे चाळीस भरले' म्हणजे नेमकं काय होतं?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं टाइम ऑफिसला काढली. टाइम ऑफिस म्हणजे गेटला चिकटून असलेली ती खोली, जिथे हजेरी, ओव्हरटाइम, रजेचे अर्ज आणि हरवलेल्या पंचिंग कार्डांच्या तक्रारी एकत्र येऊन पडतात. दर महिन्याच्या वीस तारखेला मला एक कागद पर्सोनेलच्या साहेबांकडे द्यावा लागायचा. त्यावर टेम्पररी पोरांची नावं आणि प्रत्येक नावापुढे भरलेल्या दिवसांचा आकडा. १८७. १९४. २०३. दोनशेच्या पुढे गेलेल्या आकड्याखाली साहेब लाल पेनने रेघ ओढायचे. पुढच्या आठवड्यात त्या पोराला ब्रेक, म्हणजे काही काळ कामावरून बंद.

पोरांचं काम चोख असायचं. खाडे नाहीत, उशीर नाही. खरं तर खाडे नसायचे म्हणूनच त्यांचा आकडा आधी भरायचा.

आता मी निवृत्त आहे, सिडकोत राहतो. संध्याकाळी पवननगरच्या बाजूला चहाला गेलो की पोरं मोबाइलमध्ये पगारस्लिप काढून पुढे करतात. "काका, माझे दोनशे चाळीस भरले. आता कंपनीला परमनंट करावंच लागेल ना?" याचं उत्तर सरळ 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. टपरीवर उभ्याउभ्या ते सांगून होत नाही, म्हणून लिहून काढतोय.

२४० हा आकडा सातपूर-अंबडला कोणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. गोंधळ असा, की हा आकडा कायद्यात दोन ठिकाणी आला आणि दोन्हीकडे त्याचं काम वेगळं. पहिलं ठिकाण १९४७चा औद्योगिक विवाद कायदा. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याची सेवा त्यात एक वर्षाची सलग सेवा धरली जायची. फायदा एवढाच, की अशा माणसाला 'उद्यापासून येऊ नको' असं तोंडी सांगून घालवता येत नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. म्हणजे काढायला पैसे पडतात. परमनंट करण्याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

दुसरं ठिकाण आपल्या राज्याचं, आणि पोरांच्या मनात असतं ते हेच. १९४६च्या स्टँडिंग ऑर्डर (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे लेखी नियम) कायद्याखाली १९५९ साली इथे नियम झाले. त्यातल्या नमुना स्टँडिंग ऑर्डरमध्ये ४-सी नावाचं कलम आहे. बदली (म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्या) किंवा टेम्पररी कामगाराने मागच्या बारा महिन्यांत सगळे मिळून २४० दिवस भरले, तर मॅनेजरने सहीच्या लेखी आदेशाने त्याला कायम करायचं. साखर कारखान्यासारखं हंगामी काम असेल तर १९० दिवस पुरे. बारा महिने त्याचं नाव मस्टरवर सतत होतं की नव्हतं, हे बघायचं नाही, असंही त्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या कायद्याखाली महाराष्ट्रात हे ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू व्हायचं.

त्यातले 'सगळे मिळून' हे शब्द बारीक बघा, कारण ब्रेकचा सगळा खेळ तिथेच आहे.

समजा एक पोरगा १ जानेवारीला लागला. कंपन्यांची आवडती मुदत सात महिने, म्हणून ३१ जुलैला त्याला थांबवलं. हे झाले २१२ दिवस. ऑगस्ट-सप्टेंबर तो गावी भात लावणीला, घरच्या कामाला. १ ऑक्टोबरला परत बोलावलं. पोराला वाटतं आता पुन्हा एकपासून मोजायचं. तसं नाही. ब्रेक दिला म्हणून रिक्षाच्या मीटरसारखा आकडा शून्यावर येत नाही. मागचे बारा महिने ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते आणि खिडकीत दिसतील ते सगळे दिवस मोजले जातात. २८ ऑक्टोबरला त्याचे २४० पूर्ण.

कंपनी म्हणणार, कलमात 'अखंडित सेवा' असे शब्द आहेत, आणि इथे मध्ये दोन महिने खंड पडला. त्यावर त्याच कलमाखाली खुलासा आहे: कामगाराची चूक नसताना काम बंद राहिलं, तर ते दिवस २४० मध्ये धरायचे नाहीत. धरायचे नाहीत म्हणजे ते दोन महिने फुकटात मिळत नाहीत, बेरजेतून बाहेर राहतात. आधीचे २१२ त्यामुळे वाहून जात नाहीत. कोर्टात खरी झटापट या एका वाक्यावर होते.

रविवार मोजायचे का, हा पुढचा प्रश्न. औद्योगिक विवाद कायद्यापुरतं सुप्रीम कोर्टाने १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या निकालात सांगितलं, की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्यासुद्धा दिवसांत धरायच्या. म्हणून पगारस्लिपवर आधी हे बघा, की पगार ३० दिवसांचा काढलाय की २६चा. सात महिन्यांचा हिशेब २६ने केला तर १८२ होतात, तीसने केला तर २१० च्या पुढेमागे. कोणत्याही बाजूने मोजा, सात महिने २४०च्या आत राहतात आणि आठवा महिना धोक्याचा. सात हा आकडा काही पंचांग बघून काढलेला नाही.

आता समजा आकडा भरला आणि कंपनीने आदेश दिला नाही. बहुतेक वेळा देतच नाही. मग महाराष्ट्रात एक हत्यार आहे, जे बऱ्याच राज्यांत नाही: १९७१चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा. एवढं लांब नाव कोणी घेत नाही. गेटवर म्हणतात, 'यूएलपी टाकली,' म्हणजे 'अनफेअर लेबर प्रॅक्टिस'ची तक्रार केली. या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब अशी: कामगारांना बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून घेणं आणि कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं तसंच ठेवणं, ही अनुचित प्रथा. तक्रार औद्योगिक न्यायालयात करायची, ते आपल्याकडे नाशिकलाच आहे. मुदत ९० दिवसांची. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये.

यातली मेख 'हेतूने' या शब्दात आहे. नुसतं टेम्पररी ठेवलं एवढं पुरत नाही, हक्क बुडवायला ठेवलं हे दिसलं पाहिजे. दिवाळीत ऑर्डर वाढली म्हणून तीन महिने माणसं घेतली, तो हेतू वाईट नाही. येत्या सिंहस्थासाठी कोणी सहा महिने माणसं घेतली, तर तेही काम खरोखर तात्पुरतं, साधुग्राम उठला की संपलं. पण प्रेस शॉप बारा महिने तीन पाळ्यांत चालतंय, मशीन तीच, काम तेच, आणि माणूस तेवढा दर सात महिन्यांनी नवा? काम कायमचं आणि माणूस तात्पुरता, असं जिथे दिसतं तिथे कोर्ट हेतूचा अंदाज बांधू शकतं. माझ्या त्या लाल रेघांच्या कागदांपैकी चार-पाच जरी तेव्हा एखाद्या वकिलाच्या हाती लागले असते, तर हेतू शोधायला फार लांब जावं लागलं नसतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

यूएलपी कामावर असताना टाकलेली बरी. त्याच कायद्याच्या कलम ३०(२) खाली कोर्ट निकालाआधी अंतरिम आदेश देऊ शकतं, म्हणजे निकाल लागेपर्यंत आहे तशी परिस्थिती ठेवा, काढू नका. एकदा गेटच्या बाहेर पडलात की गाडी दुसऱ्याच रस्त्याला लागते. भारत संचार निगमाविरुद्धच्या भुरुमल प्रकरणात २०१३ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की नोटीस-भरपाई न देता काढलेल्या रोजंदारीवाल्याला दर वेळी परत कामावर घ्यावंच लागेल असं नाही, एकरकमी पैसे देऊन प्रकरण मिटू शकतं. त्याच्यामागून लागलेले आत आणि हा बाहेर, किंवा अनुचित प्रथा सिद्ध झालेली, अशा वेळी गोष्ट वेगळी.

इथपर्यंतचं सगळं त्याच्यासाठी, ज्याचं कार्ड कंपनीचं आहे. आज एमआयडीसीत असे कमी भेटतात. टपरीवर येणाऱ्या दहातल्या आठांच्या स्लिपवर वर ठेकेदाराचं नाव असतं. म्हणून मी पोरांना दिवस नंतर विचारतो. आधी विचारतो, "पीएफ कोण भरतं?"

मागच्या महिन्यात पेठ तालुक्याकडचा एक पोरगा आला. अंबडला तिघांत मिळून खोली, पॉवर प्रेसवर काम. त्याला म्हटलं, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) टाकून पासबुक उघड. यूएएन एकच होता, त्याखाली मेंबर आयडी तीन. तीन ठेकेदारांची तीन नावं. एकाकडची नोकरी ३१ मार्चला संपली, दुसऱ्याकडची १ एप्रिलला सुरू. मी विचारलं, "त्या दिवशी काय बदललं रे?" तो म्हणाला, "काही नाही काका. एका कागदावर सही घेतली आणि टी-शर्टचा रंग बदलला." मशीन तीच, सुपरवायझर कंपनीचाच.

अशा पोराने थेट यूएलपी टाकली तर बहुधा पहिल्याच पायरीवर अडकेल. २००१ मध्ये सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या प्रकरणांत आणि २००३ मध्ये इंडियन स्मेल्टिंगच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलंय, की यूएलपीसाठी मालक-कामगार नातं आधी निर्विवाद हवं. कंपनी म्हणाली, 'हा आमचा नाही, ठेकेदाराचा,' की त्या कोर्टाला आधी नातं आहे का हे तपासत बसता येत नाही. ते ठरवून घ्यायचं दुसरीकडे: कामगार उपायुक्तांकडे वाद मांडायचा, समेट झाला नाही तर तो पुढे न्यायाधिकरणात. तिथे म्हणणं असं मांडायचं, की हा ठेका नुसता कागदावरचा, दाखवण्यापुरता आहे.

२००१च्याच ऑगस्टमध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सरकारने एखाद्या कामात ठेका पद्धत बंद केली, एवढ्याने ठेक्यावरचे कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. मात्र ठेका खोटा, नुसता पडदा आहे असं सिद्ध झालं, तर ते पहिल्यापासून कंपनीचेच धरले जातात. पडदा कसा ओळखायचा? २०१४च्या बलवंत राय सलुजा निकालात कसोट्या एकत्र सापडतात: नेमतं कोण, पगार देतं कोण, काढतं कोण, शिस्तीची कारवाई कोण करतं, काम सलग आहे का, आणि काय करायचं नि कसं करायचं यावर ताबा कोणाचा. नुसती देखरेख कंपनीची आहे एवढ्याने भागत नाही, हेही त्यात आहे. पोरं 'आम्हाला काम तर कंपनीचाच साहेब सांगतो' एवढ्यावर खूश होतात. त्यांना निराश करावं लागतं.

अप्रेंटिस मंडळींचं दोन ओळींत सांगतो. १९६१च्या कायद्याने अप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नाही. त्यामुळे ते दिवस २४० मध्ये येत नाहीत आणि शिकून झाल्यावर घेण्याची सक्तीही नाही. फक्त नाव अप्रेंटिसचं आणि शिकवणं काहीच नाही, पूर्ण पाळीचं उत्पादन काढून घेतलं जातंय, असं असेल तर ते वेगळं भांडण.

सरकारी आणि महापालिकेच्या कामाला पुन्हा वेगळं कुलूप आहे. त्याचं नाव उमादेवी. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी, १० एप्रिल २००६, पाच न्यायमूर्ती. सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी हवी, जाहिरात न काढता मागच्या दाराने घेतलेल्यांना कोर्टाने कायम करत बसू नये, असा त्याचा गाभा. मंजूर पदावर, कोर्टाच्या आदेशाचा आधार न घेता दहा वर्षं काढलेल्यांसाठी एकदाच खिडकी उघडा, असंही त्यात होतं. पण ते वाक्य विसरण्यात सरकारी खाती पटाईत, आणि पुढची पंधरा-अठरा वर्षं प्रत्येक रोजंदारीवाल्याच्या तोंडावर उमादेवी फेकून मारली गेली. २०२५च्या पावसाळ्यात आपल्या आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांतल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड मांडलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हा प्रश्न किती हातातोंडाचा आहे ते सांगायला नको.

या कुलपाला महाराष्ट्रात एक किल्ली आहे आणि ती एसटीच्या गाड्या साफ करणाऱ्यांनी मिळवून दिली. एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राइब कर्मचारी संघटना, २००९. सुप्रीम कोर्ट म्हणालं, उमादेवीने औद्योगिक न्यायालयाचे यूएलपी कायद्याखालचे अधिकार काढून घेतलेले नाहीत. अनुचित प्रथा सिद्ध झाली तर ते कायम करण्याचा आदेश देऊ शकतं. फक्त पद असायला हवं, नवं पद कोर्ट निर्माण करणार नाही. अलीकडे तर वारा बराच फिरलाय. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि माळीकाम करणाऱ्यांना परत घेऊन नियमित करा, असा आदेश झाला आणि उमादेवीचा हत्यारासारखा वापर केल्याबद्दल सरकारी खात्यांना सुनावलंही गेलं. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद पालिकेच्या माळ्यांचा निकाल त्याच दिशेने गेला. पगारापुरतं बोलायचं तर २०१६चा जगजित सिंग निकाल हाताशी ठेवावा: कायम कर्मचाऱ्याइतकंच काम करणाऱ्या सरकारी टेम्पररीला त्या पदाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन.

आता सगळ्यात ताजी आणि थोडी कडू गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४६चा स्टँडिंग ऑर्डर कायदा आणि १९४७चा औद्योगिक विवाद कायदा, दोन्हींची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. स्टँडिंग ऑर्डरची सक्ती आता ३०० कामगारांपासून पुढे. आमच्या अंबडमध्ये तीनशेच्या आतले कारखाने किती, हे ट्रान्सफॉर्मरच्या रांगेत उभं राहून मोजावं. ४-सीची पकड अशा ठिकाणी पुढच्या काळासाठी सैल झाली, हे उघड बोललेलं बरं. पण ज्याचे २४० जुना कायदा असतानाच भरले, त्याचा उभा राहिलेला हक्क कायदा गेला म्हणून पुसला जात नाही. १९७१चा राज्याचा यूएलपी कायदा संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. आणि वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवण्याची ती अनुचित प्रथा संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आलेली आहे.

संहितेने 'ठरावीक मुदतीची नोकरी' नावाचा दरवाजाही रुंद केला. कंपनी थेट तुमच्याशी करार करणार, समजा एक वर्षाचा. त्या काळात पगार, भत्ते, कामाचे तास कायम कामगारापेक्षा कमी प्रतीचे चालणार नाहीत आणि वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायला नको. हे चांगलं आहे, ठेकेदाराच्या स्लिपपेक्षा कितीतरी चांगलं. मात्र मुदत संपली की करार संपला, ती कामगार कपात धरली जात नाही, म्हणून नोटीस-भरपाईही नाही. आणि असे करार किती वेळा करायचे, याला संहितेत कमाल मर्यादा घातलेली नाही. सात महिन्यांच्या ब्रेकची गरजच उरली नाही, असं माझे जुने साहेब म्हणाले असते. नेमणूकपत्र मात्र आता प्रत्येकाला द्यावंच लागतं. ते मागा, आणि त्यावर 'ठरावीक मुदत' असे शब्द आहेत का ते सही करण्याआधी वाचा.

कुठल्याही कोर्टात गेलात तरी २४० दिवस भरल्याचं दाखवण्याची पहिली जबाबदारी कामगाराची, हे २००२च्या हदिमनी निकालात पक्कं झालं. 'मी काम केलं' असं शपथेवर सांगणं पुरत नाही. मस्टर कंपनीकडे असतं, ते हजर करा अशी मागणी कोर्टाकडे करता येते, पण तोवर हातात काहीतरी हवं. पीएफचं पासबुक, ईएसआयची वर्गणी, बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, पाळीच्या तक्त्याचा फोटो, कंपनीच्या माणसाने व्हॉट्सअॅपवर सांगितलेलं काम. मोबाइल बदलताना हे सगळं जातं, म्हणून प्रिंट काढून ठेवा. आणि कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अशा राजीनाम्यांचं एक जाड पाकीट असायचं.

त्या पेठच्या पोराला घेऊन मी त्रिमूर्ती चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. पासबुकाची सात पानं निघाली. टपरीवर परत येऊन पेनने मोजत बसलो, तिन्ही ठेकेदारांचे दिवस मिळून, मागच्या बारा महिन्यांचे. ३११ आले. त्याने पानं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी डब्याच्या बॅगेत, आणि तिसऱ्या पाळीला गेला. सोमवारी त्याला साप्ताहिक सुट्टी आहे, तेव्हा कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जायचं ठरलंय.